जपून ठेवले म्हणून मेले

परवा एका मित्राने कौतुकाने आपले ट्रेकिंगचे बूट दाखवले. "बघ, आठ वर्षं झाली घेऊन. अजून कोरे करकरीत. दोनदाच घातलेत फक्त." आवाजात असा अभिमान, की जणू पोरगं बोर्डात आलंय. मी एक बूट हातात घेतला. ट्रेकिंगच्या बुटात खालचं रबर आणि वरचं लेदर यांच्यामध्ये फोमचा एक जाड थर असतो, त्याला मिडसोल म्हणतात. टाचेपाशी त्या थरात मी अंगठ्याचं नख रुतवलं. नख सहज आत गेलं आणि चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा एक तुकडा गळून खाली पडला. तेव्हापासून मित्र माझ्याशी जरा तुटकच बोलतो. :-)

बोलू दे. हे नख मला कुणीतरी सात वर्षं आधी शिकवलं असतं तर बरं झालं असतं.

२०१६ मध्ये ऑनसाइटला असताना मी १६० डॉलर मोजून एक जोड घेतला होता. लेदरचा, घोट्याच्या वर येणारा, वॉटरप्रूफ, दणदणीत वजनाचा. दुकानदार म्हणाला होता, "धिस विल आउटलिव्ह यू." घरी आल्यावर मी तो जोड आईने पैठणी ठेवावी तसा ठेवला. मूळ खोक्यात, मूळ कागदात, वर सिलिका जेलच्या चार पुड्या जास्तीच्या टाकून, माळ्यावर. साधे ट्रेक जुन्या बुटांवर करायचे आणि "मोठ्या" ट्रेकला हे काढायचे. मध्ये कोविडची दोन वर्षं गेली. सात वर्षांत ते पाच वेळा पायात गेले. पाच.

पाचवी वेळ म्हणजे २०२३ चा जुलै, राजगड. गुंजवण्यातून चढलो, पद्मावती माचीवर भिजत डबे खाल्ले आणि चोर दरवाज्याने उतरायला लागलो. दरवाज्याखालचा तो रेलिंगचा कातळाचा टप्पा ज्यांनी पावसात उतरलाय त्यांना वर्णनाची गरज नाही. ज्यांनी उतरला नसेल त्यांनी ओल्या, शेवाळलेल्या बाथरूमच्या फरश्या उताराला लावल्यात असं समजावं. तिथे माझ्या उजव्या बुटाचा सोल टाचेकडून पुढेपर्यंत, एका झटक्यात, अख्खा निघाला. निसटला, सैल झाला, असं काही नाही. निघालाच. पायाखाली राहिला पिठूळ फोम, तो साबणासारखा सरकला, आणि मी रेलिंग सोडून खाली गेलो. खाली म्हणजे माझ्या पुढे उतरत असलेल्या आमच्या टीममधल्या ज्युनियर मुलीच्या अंगावर. तिचा तो पहिलाच गड. मला गुडघ्याला खरचटलं. तिचं मनगट मोडलं.

पायथ्याशी येईपर्यंत तीन तास लागले. ओढणीची झोळी करून हात गळ्यात बांधला होता आणि ती वर मलाच "दादा, इट्स ओके" म्हणत होती. तिच्या पायात साडेसातशे रुपयांचे कॅनव्हासचे बूट होते. ते शाबूत होते.

घरी आल्यावर आधी वाटलं की नशीब खराब, डिफेक्टिव्ह पीस. मग डावा बूट बघितला. तोही हाताने ओढल्यावर सुटला. दोन स्वतंत्र वस्तू एकाच वेळी एकाच पद्धतीने फेल झाल्या तर तो अपघात नसतो, बग असतो, एवढं तर पंधरा वर्षांच्या नोकरीने शिकवलंय. म्हणून शोधायला बसलो, आणि जे सापडलं त्याने माझं डोकं जे फिरलंय ते अजून फिरलेलंच आहे.

मामला असा आहे. जड, मजबूत म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक बुटांचा मिडसोल पॉलियुरेथेनचा असतो, बोलीभाषेत पीयू. फोम उत्तम. पाठीवर पंधरा किलो घेऊन दिवसभर चाललात तरी दबत नाही. पण त्यातल्या पॉलिएस्टर जातीच्या पीयूचं आणि पाण्याचं वैर आहे. पाणी म्हणजे ओढ्यातलंच पाणी नव्हे, हवेतली वाफसुद्धा. पाण्याचे रेणू त्या फोमच्या लांब लांब साखळ्या एकेका सांध्यावर तोडत बसतात. याला हायड्रोलिसिस म्हणतात. गंमत पुढे आहे. या तोडफोडीतून थोडं आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढच्या तोडफोडीचा वेग वाढवतं. म्हणजे पहिली चार-पाच वर्षं बाहेरून काही दिसत नाही, आणि मग एके दिवशी सगळं एकदम. ज्यांनी कधी मेमरी लीक असलेलं सॉफ्टवेअर सांभाळलंय त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. उष्णता आणि दमटपणा मिळाला की सगळंच लवकर.

आता सांगा, उष्णता आणि दमटपणा या दोन्हींची वर्षभर सोय करायची तर आपल्या घरात सगळ्यात चांगली जागा कोणती? माळा! एप्रिल-मेमध्ये स्लॅबखाली भट्टी, जुलै-ऑगस्टमध्ये दमट गुहा. त्यात बंद खोकं. त्या सिलिका जेलच्या पुड्या पहिल्या पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात पोटभर पाणी पिऊन गप्प बसतात, त्यानंतर त्यांचा उपयोग शोभेपुरता. मुंबई आणि कोकणातल्या मंडळींचं तर विचारूच नका.

आणि घातले तर? बूट बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात की नियमित घातलेले बूट जास्त टिकतात, कारण चालताना फोम दबतो, सुटतो आणि आतला ओलावा बाहेर ढकलला जातो. ठेवलेल्या बुटात तो मुक्कामाला राहतो. थोडक्यात, मी ज्याला सांभाळणं म्हणत होतो ते सात वर्षं चाललेलं सावकाश विष होतं.

तुमच्यापैकी निम्म्यांना हे बिनट्रेकिंगचंही माहीत आहे. आठवा, दोन वर्षं वर्क फ्रॉम होम करून पुन्हा ऑफिसला जायला निघालात, कपाटातले फॉर्मल शूज काढले, आणि लिफ्टपासून डेस्कपर्यंत काळ्या भुकटीची रांगोळी पडली. कितीजणांकडे झालं हे? आमच्या मजल्यावर पहिल्याच आठवड्यात तिघांचे गेले. सगळे म्हणाले, "हल्ली मालच हलका येतो." माल हलका नव्हता. पीयूचा सोल होता आणि कपाट बंद होतं.

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय आपल्याला पटत नाही. बूट किती टिकतात असं विचारलं की सगळीकडे किलोमीटरमध्ये उत्तर मिळतं. धावायच्या बुटांना साधारण ५०० ते ८०० किलोमीटर, ट्रेकिंगच्या बुटांना ८०० ते दीड हजाराच्या आसपास. ठीक. आपण नोकरी करणारी माणसं वर्षाला किती ट्रेक करतो? फुशारकी बाजूला ठेवून सांगा. समजा आठ. एकेक १२ किलोमीटरचा. झाले ९६. म्हणजे किलोमीटरच्या हिशोबाने ८०० व्हायला आठ वर्षांहून जास्त लागणार. आणि पीयूच्या मिडसोलचं आयुष्य, तुम्ही चाला नाहीतर झोपा, पाच ते दहा वर्षं धरतात. आपल्या हवेत दहा विसरा, पाचच्या बाजूचं धरा. म्हणजे आपल्यासारख्या वीकेंडवाल्यांच्या बुटांचा मृत्यू किलोमीटरने होतच नाही, कॅलेंडरने होतो. मी माझ्या जोडावर ६० किलोमीटर चाललो. त्या वेळच्या डॉलरच्या भावाने किलोमीटरला पावणेदोनशे रुपये पडले. पुण्यातला रिक्षावालासुद्धा रात्री बारा वाजता एवढं मागत नाही.

आणि तरीही दुकानात गेलात की काय ऐकायला मिळतं? "सर, तुम्ही कमी जाता ना, मग हेवी ड्यूटी घ्या, आयुष्यभर बघायला नको." हे बरोबर उलटं आहे हो! जो दर आठवड्याला ओझं घेऊन चढतो त्याने पीयूचा घ्यावा, तो त्याला झिजवून संपवेल. वर्षातून चार वेळा जाणाऱ्याने हलका, ईव्हीए फोमचा घ्यावा. ईव्हीए पाण्याने असा विरघळत नाही. तो दबतो, चपटा होतो, गादी मेल्यासारखी वाटते, पण ते हळूहळू होतं आणि पायाला कळतं. आपल्या क्षेत्रात याला ग्रेसफुल डिग्रेडेशन म्हणतात. भर कातळावर कडेलोट करणाऱ्या वस्तूपेक्षा रडत-कुढत मरणारी वस्तू केव्हाही बरी. (पॉलिईथर जातीचा पीयूही पाण्याला बऱ्यापैकी टिकतो, पण आपल्या बुटात तो कुठल्या जातीचा आहे हे खोक्यावर लिहिलेलं मी आजवर पाहिलेलं नाही.)

इथे आपल्यातले वाचणारे लोक टेरी प्रॅचेट काढणार, मला माहीत आहे. त्याच्या १९९३ च्या 'मेन ॲट आर्म्स' कादंबरीत बुटांचा एक प्रसिद्ध सिद्धांत आहे. गरीब माणूस स्वस्त बूट दर एक-दोन वर्षांनी घेत राहतो, श्रीमंत एकदाच महाग घेतो आणि वर्षानुवर्षं वापरतो, म्हणून शेवटी गरिबाचाच खर्च जास्त होतो. ऑफिसात दर अप्रेझलनंतर कुणीतरी हा सिद्धांत सांगून काहीतरी महाग घेतं. सिद्धांत चुकीचा नाही, पण तो शिवलेल्या लेदरच्या बुटांचा आहे. चार्ल्स गुडइयर ज्युनियरच्या नावाने ओळखलं जाणारं, वेल्ट शिवायचं १८७१ चं तंत्र आहे ना, त्यात लेदरची एक पट्टी मध्ये शिवलेली असते आणि सोल त्या पट्टीला. सोल झिजला की उसवायचा, नवा शिवायचा, वरचा बूट तोच. असा बूट महाग असला तरी परवडतो. आपण घेतो तो बूट मात्र साच्यात ओतलेला नाहीतर डिंकाने चिकटवलेला. त्यात महागपणाचा आणि आयुष्याचा संबंध फारसा उरत नाही. दहा हजाराचा फोम आणि दोन हजाराचा फोम एकाच हवेत एकाच रसायनशास्त्राने मरतात.

म्हणूनच सेकंडहँड बुटांच्या जाहिरातीत "२०१७ चा जोड, फक्त दोनदा वापरलेला, ऑलमोस्ट न्यू" असं दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. ते गुणवर्णन नाही, धोक्याची पाटी आहे.

आता दुसरी अंधश्रद्धा. वॉटरप्रूफ! सह्याद्रीतल्या पावसाळ्यात वॉटरप्रूफ बूट ही कल्पना कुणाच्या सुपीक डोक्यातून आली देव जाणे. गोर-टेक्ससारखं पातळ पडदेदार अस्तर युरोपातल्या थंड रिमझिमीत, दवात, बर्फात छान काम करतं. आपल्याकडे पाणी बाजूने झिरपत नाही, वरून ओततं. पँटवरून ओघळतं, मोज्यातून उतरतं, आणि पहिल्याच ओढ्यात घोट्यावरून थेट आत. एकदा आत गेलं की तेच अस्तर त्याला बाहेर जाऊ देत नाही. बूट नव्हे, दोन बादल्या घालून चालतो आपण. घरी आणल्यावर पुण्याच्या जुलैत ते तीन-तीन दिवस वाळत नाहीत, आणि तीन दिवस ओला फोम म्हणजे वर सांगितलेल्या आम्लाला मेजवानी.

अमेरिकेत नदीत कंबरेएवढ्या पाण्यात उभं राहून गळाने मासे पकडणारे लोक असतात. त्यांचे खास बूट असतात, वेडिंग बूट. माझा तिथला मॅनेजर त्यातलाच होता, दर शनिवारी पहाटे नदीवर. त्याच्या बुटांना खालच्या बाजूला भोकं होती. मी हसलो तर म्हणाला, पाय कोरडे ठेवायचं काम आतल्या वेडरचं, बुटाचं काम पाय धरून ठेवायचं आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पाणी सोडून द्यायचं. नदीत राहणाऱ्या माणसाला जे कळतं ते आपल्याला लोहगडाच्या वाटेवर कळत नाही. पावसाळ्यात जाळीचा, कॅनव्हासचा, पटकन निथळणारा आणि पटकन वाळणारा बूट घ्या. पाय ओले होणारच आहेत. ते तुम्हीही मनातून जाणता.

बरं, हे सगळं "माहितीचा अभाव" म्हणून सोडून देता आलं असतं. पण मी त्या कंपनीला मेल लिहिला होता. सविस्तर, फोटोंसकट, मनगटाच्या एक्स-रेच्या उल्लेखासकट. उत्तर आलं की पीयूचा असा ऱ्हास ही "नैसर्गिक प्रक्रिया" आहे, तो निर्मितीतला दोष नाही, वॉरंटी संपलेली आहे, सोल बदलून मिळत नाही, नव्या जोडावर दहा टक्के सूट मिळेल.

नैसर्गिक प्रक्रिया! म्हणजे तुम्हाला माहीत होतं. नवशोध नव्हे, छापील उत्तर तयार होतं. मग ते बुटावर का छापलं नाही?

आपल्या धंद्याला लोक शिव्या घालतात, आणि घालाव्यात अशी कारणंही बरीच आहेत. पण विंडोज टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे कित्येक वर्षं आधी जाहीर होतं. आपण प्रत्येक लायब्ररीची एंड ऑफ लाइफ तारीख बघून प्लॅनिंग करतो. गाडीच्या टायरवर चार आकडे असतात, कितवा आठवडा, कितवं वर्ष. घरातला गॅसचा सिलिंडर बघा, वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यातलं एक अक्षर आणि वर्ष रंगवलेलं असतं, त्या तिमाहीत त्याची पुन्हा चाचणी व्हायला हवी. क्लाइंबिंगच्या दोरावर, हार्नेसवर निर्मितीचं वर्ष असतं आणि सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं की न वापरलात तरी इतक्या वर्षांनी टाका. आणि ज्या वस्तूवर माझं सगळं वजन उभं असतं, तिच्याबद्दल मात्र मौन. आपल्याकडे खोक्यावर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापावं लागतं, पण खोकं कोण ठेवतं? आणि "सेल"मध्ये मिळणारा जोड गोदामात आधीच तीन वर्षं मेलेला असू शकतो, हे त्या तारखेकडे बघून किती जणांच्या डोक्यात येतं?

मागणी फार मोठी नाही. जिभेच्या आतल्या बाजूला, साइझच्या शेजारी, तीन गोष्टी छापा. कधी बनला, मिडसोल कशाचा आहे, किती वर्षांनी तपासायचा. शाईचा खर्च किती येईल?

"बूट म्हणजे काय जीवरक्षक साधन आहे का" असं कुणी म्हणेल. मग एक गोष्ट ऐका. १९३५ मध्ये आल्प्समधल्या एका चढाईत वादळ आलं आणि सहा गिर्यारोहक गेले. चढाईसाठी त्यांनी जड खिळ्यांचे बूट मागे ठेवून हलक्या तळव्यांचे जोडे घातले होते, ते बर्फात आणि थंडीत निकामी ठरले. त्यांच्या बरोबरचा वितॅले ब्रामानी वाचला आणि दोन वर्षांनी, १९३७ मध्ये, त्याने खाचांचा रबरी सोल बाजारात आणला. त्याच्या नावावरून व्हायब्रॅम. आज तुमच्या-आमच्या बुटाखाली जो पिवळा अष्टकोनी शिक्का मिरवतो, तो सहा मित्रांच्या मरणातून आलेला आहे. आणि आपण तो रबरी सोल कशाला चिकटवतो, तर पाच-सात वर्षांत पीठ होणाऱ्या फोमला. रबर ठणठणीत, वरचं लेदर ठणठणीत, मधला थर कोसळलेला. माझ्या जोडाच्या रबरावर तर साच्यातले केससुद्धा शिल्लक होते.

सोल बदलता येत नाही हेही खरं नाही. जर्मनीतल्या लोवा, माइंडल, हानवाग या कंपन्या आपले बरेच बूट सोल बदलून देतात, मिडसोलसकट. बदलता येतो, फक्त तसा बूट आधीपासून बांधावा लागतो. आपल्याकडे ग्राहक मंत्रालयाने २०२२ मध्ये राइट टु रिपेअरचं पोर्टल काढलं, चांगलं केलं. त्यात शेतीची अवजारं आहेत, मोबाइल आहेत, फ्रिज-वॉशिंग मशीन आहेत, गाड्या आहेत. पादत्राणं नाहीत.

आता आपल्या मोचीकाकांकडे येऊ. आमच्या चौकात पिंपळाखाली बसतात. राजगडानंतर मी ते दोन सोल आणि दोन बूट घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी फोम दोन बोटांत चुरडला आणि सोल्युशनची बाटली उचललीसुद्धा नाही. "साहेब, हे मेलंय. याला चिकटवलं तर सोल्युशन कशाला धरणार, पिठाला?" जे मला शोधाशोध करून दोन रात्रींत कळलं ते त्यांना दोन बोटांत कळलं. मग त्यांनी माझ्या पायातले, म्हणजे रोजचे, जुने, नाकापाशी उघडे पडत चाललेले बूट बघितले. "हे द्या. हे जगतंय." फोम शाबूत होता, फक्त डिंक सुटला होता. दोन्ही बाजू कानशीने खरवडल्या, पुसल्या, सोल्युशन लावलं, दहा-पंधरा मिनिटं नुसतं सुकू दिलं (इथेच आपण घरी चुकतो, ओलं असतानाच दाबून बसतो), मग चिकटवून ठोकलं, आणि आरीने कडेने पूर्ण शिलाई घातली. सोलची कड बुटावर चढलेली असेल तरच अशी शिलाई बसते, हेही त्यांनीच सांगितलं. दोन्ही बुटांचे १८० रुपये.

त्या शिलाईच्या पांढऱ्या टाक्यांकडे बघून ऑफिसात एकाने विचारलं, "काय रे, पॅकेज कमी पडतंय का?" हा तो माणूस, जो दोन वर्षांनी फोन बदलतो, बूट बदलतो, आणि लंचला सस्टेनेबिलिटीवर बोलतो. शिवलेला बूट घालायची आपल्याला लाज वाटते, न शिवता येणारा बूट विकण्याची कंपनीला वाटत नाही. हे उलटसुलट कधी झालं कळलंच नाही.

राजगडानंतर मी काय करतो ते सांगतो, फार काही नाही. ट्रेकहून आलो की आंघोळीच्या आधी बूट. चिखल त्याच संध्याकाळी, साध्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने. वाळलेला चिखल लेदरमधलं तेल ओढून घेतो आणि शिलाईच्या दोऱ्याला कानशीसारखा घासतो. आतली गादी बाहेर काढायची, नाडी सैल, आत वर्तमानपत्राचे बोळे. बोळे झोपायच्या आधी एकदा बदलायचे, हे महत्त्वाचं, नाहीतर ओला कागद रात्रभर आत कोंबून ठेवल्यासारखं होतं. मग पंख्याखाली, सावलीत. उन्हात नाही, गॅसच्या शेजारी नाही, बायकोच्या हेअर ड्रायरने तर अजिबात नाही (विचारा कसं माहीत). उष्णतेने डिंक सुटतो आणि लेदर तडकतं. गाडीच्या डिकीत विसरणं हा त्याचाच धाकटा भाऊ. वाळले की दाराजवळच्या उघड्या रॅकवर, खोक्यात नाही, पिशवीत नाही. आणि महिन्यातून एकदा तरी पायात, मग ती पर्वती का असेना. भाजी आणायलाही घालतो मी. भाजीवाल्या मावशी विचारतात, "आज कुठं चढाई?"

आई अजून म्हणते, "अरे, चांगले बूट असे रोज काय वापरतोस, झिजतील." तिची चूक नाही. तिच्या आयुष्यातल्या वस्तू वापराने झिजायच्या आणि ठेवल्या तर टिकायच्या. पितळेचं पातेलं, पैठणी, शिवणयंत्र. ठेवल्याने मरणारी वस्तू तिने पाहिलीच नव्हती, ती आपल्या पिढीच्या वाट्याला आली.

त्या मुलीचं मनगट सहा आठवड्यांत जुळलं. यंदा जूनमध्ये तिच्यासोबत पुन्हा गेलो. पहाटे स्वारगेटला जमलो तर ती चहाच्या टपरीपाशी उभी राहून प्रत्येकाला एकेक पाय बाकावर ठेवायला लावत होती आणि टाचेत नख रुतवून बघत होती. मला दोनदा तपासलं. एकजण नापास झाला, ब्रँडेड जोड, "ऑलमोस्ट न्यू". त्याला तिथूनच परत पाठवला. तो म्हणे मिसळ खाऊन घरी जाऊन झोपला.